डोळ्यांतला पेटका

श्रोतेहो, नमस्कार.

नऊ-दहा वर्षांचं मूल एक दिवस सांगू लागतं, ‘फळ्यावरचं धूसर दिसतंय, एकाचे दोन दिसतायत.’ आई निरखून पाहते, तर दोन्ही डोळे नाकाकडे वळलेले. थोड्या वेळानं पुन्हा सरळ. घर हादरतं. मग तपासण्यांत काही सापडलं नाही की त्याच घरात कुणीतरी म्हणतं, ‘नाटक करतोय.’

हे वाक्य मुलाच्या कानावर पडू नये, यासाठी आज मी बोलते आहे.

जवळचं वाचताना डोळे आत वळतात, बाहुल्या बारीक होतात आणि आतलं भिंग फुगतं. मान वर करून लांब पाहिलं की हे सगळं सैल पडतं. काही मुलांत ते सैल पडत नाही. पोटरीत पेटका यावा, तसंच. मागे पुष्कळदा परीक्षेची धास्ती असते, शाळेतला छळ असतो, घरातली भांडणं असतात. मूल हे मुद्दाम करत नाही.

अर्थात मेंदूचा आजार नाही ना, हे आधी पाहावंच लागतं. डोळा बाहेर वळवणारी नस लुळी पडली तरी डोळा आत वळतो. पण पेटक्यात एक डोळा झाकला की दुसरा बाहेरच्या कोपऱ्यापर्यंत सहज जातो, आणि डोळे आत वळतानाच बाहुल्याही आकसतात. सोबत सकाळची डोकेदुखी, उलट्या किंवा तोल जाणं असेल, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

चष्म्याचा नंबर डोळ्यांचे स्नायू सैल करणारे थेंब घालूनच तपासून घ्या, हा माझा आग्रह आहे. थेंबांशिवाय मायनस नंबर निघतो, तो बहुतेक वेळा खोटा असतो. त्या चष्म्यानं पेटका आणखी घट्ट होतो. अ‍ॅट्रोपिनसारखे थेंब काही दिवस घातले की स्नायू सैल पडतात. तेवढे दिवस जवळचं पुसट दिसतं, ऊन सोसत नाही; म्हणून डॉक्टर वाचायला वेगळा चष्मा देतात. चेहरा लाल झाला, ताप चढला, तर थेंब थांबवून लगेच डॉक्टरांना कळवा.

थेंबांनी डोळे सैल पडतील, मनातली धास्ती सैल पडणार नाही. तिच्यासाठी समुपदेशकाकडे जायला संकोचू नका. आणि घरी ‘आज डोळे कसे आहेत?’ असं सारखं विचारू नका. रात्री दिवा मालवल्यावर शेजारी पडून राहा, शाळेचं काहीबाही विचारा. अंधारात मुलं बोलतात.