दुपारी बारा ते पाच: परशुराम घाट

[दृश्य: घाटाचं वळण, डोंगरावर पोकलेन]

मुंबई-गोवा महामार्गावर, चिपळूणच्या अलीकडे परशुराम घाट लागतो. एका अंगाला उभा डोंगर, दुसऱ्या अंगाला खाली पेढे गावाची घरं. चौपदरीकरणासाठी हा डोंगर कापायचा, तर सुटलेला दगड थेट वाहत्या रस्त्यावर येणार. म्हणून २५ एप्रिल २०२२पासून महिनाभर घाट रोज दुपारी बारा ते पाच बंद ठेवण्यात आला. ते पाच तास पोकलेनचे, उरलेले एकोणीस गाड्यांचे.

हलक्या वाहनांना चिरणी-आंबडस भागातल्या गावरस्त्यांचा वळसा मिळाला. त्या अरुंद रस्त्यांवर कंटेनर घालणं शक्य नाही. अवजड वाहनांनी थांबायचं.

थांबायचं, पण कुठे?

घाटाच्या तोंडाशी लावलेला फलक कितीही मोठा असला तरी ट्रकवाल्याच्या उपयोगाचा नाही. तिथे मागे रांग लागलेली, बाजूला गटार. चाळीस फुटी गाडी वळवणार कशी? घाटाच्या मुंबईकडच्या बाजूला असलेल्या लोटे एमआयडीसीतून रसायनांचे टँकर निघतात. ऐन एप्रिलच्या दुपारी असा टँकर चढावर अडकून पडणं परवडणारं नाही. म्हणून बंदीचा फलक लोट्याला हवा, आणि चिपळूणकडून येणाऱ्यांसाठी बहादूरशेख नाक्यावर. गाडी बाजूला घ्यायला किंवा दुसरी वाट धरायला जिथे अजून वाव आहे, तिथे. मुंबईहून येणाऱ्याला तर हे पनवेल सोडण्याआधीच कळलं पाहिजे. फलक कुठे उभा करायचा, यावरच सारं ठरतं.

[दृश्य: फलक, अगदी जवळून. कडेवर सिमेंटची धूळ]

त्रिकोणी फलक सावध करतो: फावडं मारणारा माणूस दिसला की पुढे काम चालू आहे. लाल कडेचं वर्तुळ मात्र हुकूम देतं. आत ट्रकचं चित्र आणि त्यावर तिरकी लाल रेघ, म्हणजे ट्रकला बंदी. त्याखाली एक छोटी पट्टी हवी: ‘दुपारी १२ ते ५’. ही पट्टी नसेल, तर सकाळी दहाला त्याच फलकासमोरून बिनधास्त गेलेला ड्रायव्हर दुपारी एकलाही तसाच जाणार, आणि त्याला दोष देता येणार नाही. अंधारात चकाकणारा पत्रा धुळीनं माखला, तर रात्री तो नसल्यातच जमा. फडक्यानं फलक पुसणं हेही कामाच्या जागेवरचंच काम आहे.

रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांत कामाच्या पट्ट्याचे चार भाग येतात: आगाऊ सूचना, मग वाहतूक हळूहळू बाजूला सरकवणं, मग प्रत्यक्ष काम, आणि शेवटी रस्ता पुन्हा मोकळा. आपल्याकडे सर्वांत जास्त हयगय होते ती पहिल्या भागात. काम जिथे, तिथेच बॅरिकेड आणि तिथेच फलक.

बंदी घालण्याचा अधिकार ठेकेदाराचा नाही. मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ११५नुसार तो शासनाचा किंवा शासनानं नेमलेल्या अधिकाऱ्याचा. बंदी महिन्याभराहून जास्त नसेल तर राजपत्रात अधिसूचना लागत नाही, पण स्थानिक पातळीवर प्रसिद्धी द्यावीच लागते. कलम ११९ चालकाला फलक पाळायला लावतं. आणि २०१९च्या दुरुस्तीनं आलेलं कलम १९८-अ रस्ता बांधणाऱ्यांना धरतं: ठरलेले सुरक्षा निकष न पाळल्यानं कुणाचा जीव गेला किंवा कुणाला अपंगत्व आलं, तर एक लाख रुपयांपर्यंत दंड. माणसाच्या जिवापुढे ही रक्कम फारच लहान आहे.

[दृश्य: पावसातला घाट]

२०२२च्याच जुलैत दरडीमुळे घाट पुन्हा बंद करावा लागला. एप्रिलची बंदी आधी जाहीर करता आली होती, दरड तशी सवड देत नाही. अशा वेळी लोट्याच्या आणि बहादूरशेख नाक्याच्या फलकांचे खांब आधीच रोवलेले असले, तर भर पावसात फक्त पाटी चढवायची उरते.