कातळातला खड्डा

जांभ्याच्या कातळावर पहार आपटली की ठण्ण असा आवाज येतो. सकाळपासून दोघं आळीपाळीने खणतायत आणि खड्डा जेमतेम कमरेएवढा झालाय. जायचंय अडीच मीटर, अर्थिंगसाठी, म्हणजे गळलेली वीज जमिनीत उतरवायला.

हे परसदार रत्नागिरी जिल्ह्यातलं. पुढे जुनं कौलारू घर, मागे नव्या दोन खोल्या. धाकट्या भावाची चूल आता इथे पेटणार. महावितरणचा अर्ज, टेस्ट रिपोर्ट, अनामत उरकलंय. मीटर लागलाय, खांबावरून वेगळी सर्व्हिस वायर उतरलीय. मग खड्डा कशाला? ‘मोठ्या घराला अर्थिंग आहे की!’ घरातले म्हणत होते. वायरमनने ऐकलं नाही, त्याला नव्या खोल्यांचं अर्थिंग वेगळंच हवं होतं. आम्हीही त्याच्याच बाजूचे.

हा बघा, 40 मिलिमीटरचा जी.आय., म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप. अंगावर बारीक भोकं. भोवती एक थर कोळशाचा, एक जाड्या मिठाचा, परत कोळसा. मीठ ओल धरतं. पण तेच मीठ पुढे पाइपही खातं, म्हणून हल्ली काही जण ओल धरणारी बेंटोनाइट माती भरतात. तोंडाशी नरसाळं. एप्रिल-मेमध्ये त्यात बादलीभर पाणी ओतायचं, कारण सुकलेला जांभा वीज पुढे जाऊ देत नाही.

एवढ्या घामानंतर टेस्टरवर अर्थिंगच्या रोधाचा आकडा: 10 ओहम. 230 व्होल्टला 10ने भागा. 23 अँपिअर. म्हणजे गिझरच्या पत्र्यात फेज, म्हणजे वीज आणणारी तार, टेकली, तरी 32 अँपिअरचा एमसीबी, हा जास्त करंटला पडणारा स्विच, ढिम्म हलणार नाही. म्हणून बोर्डात हा आरसीसीबी, जाणारी आणि परतणारी वीज ताडून 30 मिलिअँपिअरची गळतीही ओळखणारा आणि वीज तोडणारा स्विच.

आणि ही काळी तार, न्यूट्रल, वीज परत नेणारी. ती नव्या मीटरवरूनच यायला हवी. जुन्या घरातून उसनी घेतली, तर वीज एका वाटेने येते, दुसऱ्या वाटेने परतते. आरसीसीबीला ती गळतीच वाटते आणि तो सारखा पडतो. मग कंटाळून कोणीतरी तो काढूनच टाकतं. पुढचं पावसाळ्यात पेपरात येतं.

पाइपला जाड जी.आय. तार बोल्टने आवळली, वर ग्रीस फासलं, चिऱ्याचं झाकण बसलं.

वायरमन आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबतो. खट्. नव्या खोलीतला पंखा मंदावत थांबतो. पुढच्या घरात आजींची मालिका चालूच आहे.