उत्तराचं कार्ड कुणाच्या हातात?

नमस्कार श्रोतेहो.

रेडिओवर प्रश्न येतो, स्पर्धक अडखळतो आणि इकडे स्वयंपाकघरातून आवाज येतो, "अरे, सोपं आहे!" अमीन सायानींची बोर्नव्हिटा क्विझ ऐकत वाढलेल्यांना हा आवाज चांगलाच ओळखीचा असेल. उत्तर बरोबर असतं, पण त्याला टाळ्या कोण वाजवणार?

अमेरिकेतल्या खेळण्यांच्या कंपन्यांनी ही हौस फार लवकर हेरली. तिथे 1936 मध्ये 'प्रोफेसर क्विझ' सुरू झाला, आणि मग असल्या कार्यक्रमांचं पेवच फुटलं. लोक ऐकत होतेच. त्यांना प्रश्न खोक्यात भरून विकले, तर? 28 जून 1940 ला शिकागोहून 'क्विझ किड्स' सुरू झाला. सोळाच्या आतली पाच हुशार मुलं आणि श्रोत्यांनी पाठवलेले प्रश्न. पुढे डीएनएच्या रचनेसाठी नोबेल मिळवणारे जेम्स वॉटसनही लहानपणी त्यात झळकले होते. मोनोपोली विकणाऱ्या पार्कर ब्रदर्सनी त्याच वर्षी या कार्यक्रमाच्या नावाने खेळाचं खोकं बाजारात आणलं.

मला यात गंमत वाटते ती प्रश्न विचारणाऱ्या जो केलींची. या गृहस्थांनी तिसरीतच शाळा सोडलेली! पण उत्तराचं कार्ड त्यांच्या हातात. घरच्या खेळातही तेच. ज्याच्या हातात कार्डांचा गठ्ठा, तो त्या संध्याकाळपुरता मास्तर. एरवी गणितात गचके खाणारा धाकटा भाऊसुद्धा चष्म्यावरून बघितल्यासारखं बघत थोरल्याला म्हणणार, "चूक!"

1940 चाच दुसरा कार्यक्रम 'टेक इट ऑर लीव्ह इट'. बक्षीस एका डॉलरपासून दुप्पट होत होत चौसष्टपर्यंत जायचं. मिळालंय ते घेऊन उठा, नाहीतर सगळं पणाला लावा. स्पर्धक पुढे जायला निघाला की प्रेक्षक ओरडायचे, "पस्तावशील!" करोडपतीच्या खुर्चीसमोर बसून आपणही वेगळं काय करतो? याचाही घरगुती खेळ निघाला होता.

जुनी कार्डं आज वाचायला घेतली तर जपून बरं का. अमेरिकेत राज्यं किती, याचं तेव्हाचं उत्तर 48. ग्रह नऊ. आज पन्नास आणि आठ म्हणणारा नातू कार्डाप्रमाणे नापास!

त्याच काळात विजेवरचे प्रश्नखेळही होते. एक तार प्रश्नावर टेकवायची, दुसरी उत्तरावर. पुठ्ठ्यामागे जोडणी जुळली की दिवा लागायचा. तसला एक खेळ आमच्याकडेही होता. आठवड्याभरात आम्हाला उत्तरं नाही, भोकांच्या जागा पाठ झाल्या. आणि एके दिवशी सेल उतरला. त्या दिवशी भारताची राजधानी दिल्लीसुद्धा नव्हती.

नमस्कार.