गार्सिया: गर्दीत हरवलेलं आडनाव

(पडद्यावर: दक्षिण स्पेन. नदीकाठची सपाट शेती, मागे बर्फाळ डोंगर.)

ग्रानादा शहराच्या पश्चिमेला फुएंते बाकेरोस नावाचं गाव आहे. ५ जून १८९८ रोजी तिथल्या एका सधन शेतकऱ्याच्या घरी मुलगा झाला. वडील फेदेरिको गार्सिया रोद्रिगेस. आई बिसेंता लोर्का रोमेरो, पेशाने शिक्षिका. मुलाला नाव बापाचंच दिलं. पुढे आडनावं दोन, एक वडिलांकडचं, एक आईकडचं. फेदेरिको गार्सिया लोर्का. हा मुलगा कवी आणि नाटककार म्हणून जगभर गाजला, १९३६ साली यादवी युद्धाच्या सुरुवातीलाच त्याला गोळ्या घातल्या गेल्या, आणि आज त्याला सगळे ओळखतात ते 'लोर्का' म्हणून. बापाचं आडनाव मधल्यामध्ये गळालं.

कोलंबियात जन्मलेल्या गाब्रिएल गार्सिया मार्केसचंही तेच झालं. मार्केस हे त्याच्या आईचं आडनाव. १९८२ साली नोबेल मिळालं, मराठीतही तो आवडीने वाचला गेला, पण चर्चेत आपण म्हणतो काय? 'मार्केस'. ग्रंथालयाच्या यादीत मात्र तो 'ग'मध्ये शोधावा लागतो.

यात कुणाचा दोष नाही. गार्सिया हे आडनाव आहेच तसं. स्पेनमध्ये ते सर्वांत जास्त लोकांचं आडनाव आहे. पहिलं आडनाव गार्सिया असलेले तिथे सुमारे साडेचौदा लाख लोक आहेत, म्हणजे दर शंभरात तीन. दुसरं आडनाव म्हणून ते लावणारे जवळपास तेवढेच. आपल्याकडे एका गावात दहा पाटील निघाले की कुणी 'वरच्या आळीचे' होतात, कुणी 'पोस्टातले'. स्पेनमध्ये ती सोय आईच्या आडनावाने होते.

(पडद्यावर: पिरेनीज पर्वत, पांप्लोना शहर.)

हे आडनाव आलं कुठून? उत्तरेकडून. पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी, बास्क लोकांच्या मुलखातून. आणि आलं तेव्हा ते आडनाव नव्हतंच. ते पाळण्यातलं नाव होतं, आपल्याकडे शिवाजी किंवा संभाजी असावं तसं. नवव्या शतकात पांप्लोनाच्या गादीवर गार्सिया इनिगेस नावाचा राजा होता. वायकिंगांनी, म्हणजे उत्तर युरोपातून जहाजांनी येणाऱ्या लुटारूंनी, त्याला पकडून नेलं होतं आणि जबर खंडणी मोजल्यावरच तो सुटला. दहाव्या शतकात वायव्य स्पेनमधल्या लेओन राज्याच्या गादीवरही एक गार्सिया बसला. राजाचं नाव प्रजेने उचलायचं, ही रीत तिथेही होतीच.

अर्थ मात्र नीट सापडलेला नाही. जुन्या कागदांत हे नाव 'गार्सेआ' असंही लिहिलेलं दिसतं. बास्क भाषेत अस्वलाला 'हार्त्स' म्हणतात, म्हणून गार्सिया म्हणजे अस्वल, असं बरेच अभ्यासक मानतात. दुसरा पक्ष म्हणतो की 'गास्ते' म्हणजे तरुण, त्यातून हे नाव निघालं. बास्क ही युरोपातली एकटी पडलेली भाषा. तिचं नातं शेजारच्या कुठल्याच भाषेशी जुळत नाही, त्यामुळे पडताळायला सख्खं-चुलत कुणी नाही. आम्हाला विचाराल तर अस्वल जास्त शोभतं, पण शोभणं हा काही पुरावा नव्हे.

आता खरी गंमत. स्पेनमध्ये बापाच्या नावावरून आडनाव करायचं तर शेवटी 'एस' जोडत. रोद्रिगोचा मुलगा रोद्रिगेस, सांचोचा सांचेस, फेर्नांदोचा फेर्नांदेस. पोर्तुगालमध्येही हीच पद्धत होती. म्हणून तर गोव्यात फर्नांडिस आणि रॉड्रिग्ज आहेत, आणि वसईत घरात मराठी बोलणारे लोपीस आणि गोन्साल्विस आहेत. बाप्तिस्म्याबरोबर आलेली ही नावं कोकणच्या मातीत पिढ्यान्‌पिढ्या रुजली.

या नियमाने गार्सियाच्या मुलाचं आडनाव व्हायला हवं 'गार्सेस'. तसे गार्सेस झालेही. पांप्लोनाचा राजा सांचो गार्सेस हा एका गार्सियाचाच मुलगा. पण बहुतेक घरांनी शेपूट जोडायचा त्रास घेतला नाही. बापाचं नाव जसंच्या तसं मागे लावलं आणि तेच पुढे चालत राहिलं.

(पडद्यावर: जुन्या गोव्यातली चर्च. मग पणजीतला गार्सिया द ओर्ताच्या नावाचा बाग.)

गार्सिया हे पाळण्यातलं नाव होतं, याचा एक पुरावा आपल्या दारात आहे. गार्सिया द ओर्ता. इथे गार्सिया हे नाव, आडनाव ओर्ता. त्याचे आईवडील स्पेनमधले ज्यू. १४९२ साली राजाज्ञेने ज्यूंना देशाबाहेर काढलं, तेव्हा ते सीमा ओलांडून पोर्तुगालमध्ये आले. मुलगा सालामांकाला वैद्यक शिकला आणि १५३४ साली गोव्यात पोहोचला. अहमदनगरच्या बुरहान निजामशहाच्या दरबारात त्याची ऊठबस होती. मुंबईचं बेट त्याला खंडाने मिळालं होतं, आणि आपल्या तिथल्या एका आंब्याला वर्षातून दोनदा फळं येतात, हे तो कौतुकाने लिहून गेला. भारतातल्या औषधी वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. १५६८ साली तो गेला. पुढच्याच वर्षी इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, त्याच्या बहिणीला जिवंत जाळलं. १५८० साली त्याची हाडं उकरून काढली आणि तीही जाळली. गुन्हा एकच, ज्यू धर्म गुपचूप पाळल्याचा.

(पडद्यावर: चर्चमधली जुनी नोंदवही, शाईने लिहिलेली पानं.)

त्या काळात आडनाव ही पक्की गोष्ट नव्हती. सख्ख्या भावाबहिणींची आडनावं वेगळी असायची. कुणी आजोबांचं घेई, कुणी श्रीमंत मामाचं. १५३९ साली पेरूमधल्या कुस्कोत एका स्पॅनिश सरदाराला इंका राजघराण्यातल्या स्त्रीपासून मुलगा झाला. बाप्तिस्म्यात त्याचं नाव गोमेस सुआरेस द फिगेरोआ. मोठेपणी त्याने ते सोडून बापाचं नाव घेतलं आणि इतिहासकार झाला तो 'इंका गार्सिलासो' म्हणून. त्या गार्सिलासोतही आपला गार्सिया दडलेला आहे. गार्सी आणि लासो, दोन्ही एकत्र.

नावं स्थिरावली ती वह्यांमुळे. १५६३ सालीच ट्रेंट इथल्या धर्मपरिषदेने लग्न आणि बाप्तिस्म्याच्या नोंदी ठेवणं पाद्र्यांना बंधनकारक केलं. मग एकोणिसाव्या शतकात सरकारी नोंदणी आली आणि दोन आडनावांची रीत कागदावर घट्ट झाली.

तोवर गार्सिया समुद्रापार कधीच पोहोचला होता. मेक्सिकोत तो एर्नांदेसच्या खालोखाल. फिलिपिन्समध्ये १८४९ साली स्पॅनिश गव्हर्नर क्लावेरियाने फर्मान काढलं की प्रत्येक कुटुंबाने ठरलेल्या यादीतून आडनाव निवडावं. कर वसूल करायला सोपं जावं म्हणून. तिथेही गार्सिया आज पहिल्या काही आडनावांत आहे, आणि १९५७ ते १९६१ या काळात तिथला राष्ट्राध्यक्ष कार्लोस गार्सिया होता. तिथल्या बहुतेक गार्सियांचा स्पेनशी रक्ताचा काडीचाही संबंध नाही. अमेरिकेच्या २०१० च्या जनगणनेत स्मिथ, जॉन्सन, विल्यम्स, ब्राऊन, जोन्स यांच्या पाठोपाठ सहावा क्रमांक गार्सियाचा. साडेअकरा लाखांहून जास्त लोक.

स्पेनमध्ये, निदान माद्रिदकडे, त्याचा उच्चार 'गार्थिया' असा होतो. अटलांटिकच्या पलीकडे तोच 'गार्सिया'.

२०१७ पासून स्पेनमध्ये वडिलांचं आडनाव आधी, हा नियमही गेला. मूल जन्मलं की कुणाचं आडनाव पुढे लावायचं ते आईवडिलांनी मिळून ठरवायचं, एकमत झालं नाही तर नोंदणी अधिकारी ठरवतो. पण आई गार्सिया आणि वडीलही गार्सिया असतील, तर भांडायला जागाच उरत नाही. असे दोन्हीकडून गार्सिया गार्सिया असलेले लोक आज स्पेनमध्ये पाऊण लाखाच्या घरात आहेत.