कचऱ्याच्या डब्यात गेलेली रेकॉर्ड

[दृश्य : आयर्लंडमधलं कॉर्क शहर. मॅककर्टन स्ट्रीटवरची सकाळ.]

१९६३ साली याच शहरातल्या क्राउली यांच्या वाद्यांच्या दुकानात एक वापरलेली फेंडर स्ट्रॅटोकास्टर गिटार विकायला आली. किंमत १०० पौंड. पुढे ब्लूज-रॉक गिटारवादक म्हणून गाजलेल्या, तेव्हा पंधरा वर्षांच्या रॉरी गॅलहरने ती हप्त्याने घेतली. आईची समजूत घालायला त्याच्याकडे हिशेब तयार होता : या एका गिटारवर ऱ्हिदम (साथीची गिटार) आणि लीड (मुख्य सुरावट) दोन्ही मीच वाजवीन, म्हणजे दुसऱ्या वादकाची गरजच उरणार नाही.

रॉरीचा जन्म २ मार्च १९४८चा, डोनेगलमधल्या बॅलीशॅनन गावातला. वडील तिथल्या अर्न नदीवरच्या वीजप्रकल्पावर कामाला होते. पुढे कुटुंब डेरीला आणि मग आईच्या माहेरी, कॉर्कला आलं. त्या काळी आयर्लंडमध्ये शोबँडांची चलती होती. एकसारखे सूट घालायचे आणि लोकांना नाचायला हवीत ती गाजलेली गाणी जशीच्या तशी वाजवायची. शाळकरी रॉरी अशाच एका बँडमध्ये गिटार वाजवू लागला. पोटापाण्याला ते ठीक होतं. पण त्याच्या डोक्यात अमेरिकेतल्या काळ्या गायकांचे ब्लूज घुमत होते, आणि त्याला स्वतःची गाणी लिहायची होती.

[दृश्य : 'टेस्ट' या बँडची कृष्णधवल छायाचित्रं.]

१९६६ मध्ये 'टेस्ट' उभा राहिला. १९६८ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये 'क्रीम' या गाजलेल्या रॉक बँडने निरोप घेतला, त्या रात्री त्यांच्या आधी स्टेजवर आलेल्यांत 'टेस्ट' होता. १९७० मध्ये इंग्लंडमधल्या आइल ऑफ वाइट बेटावरचा संगीत महोत्सव गाजवला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस बँड फुटला.

खरा रॉरी इथून पुढे सुरू होतो, असं मला वाटतं. १९७१ मध्ये त्याने स्वतःच्या नावावर दोन अल्बम काढले, आणि दोन्हींचा प्रोड्यूसर, म्हणजे रेकॉर्डिंगची सूत्रं हलवणारा, तोच. त्या काळात स्टुडिओतलं काम तुकड्यातुकड्यांनी करायची पद्धत रुळत चालली होती. आज ड्रम, उद्या बास, परवा गिटार, शेवटी गाणं. एकेक थर चढवत जायचा. रॉरीला हे मानवत नसे. 'ड्यूस' या दुसऱ्या अल्बमसाठी तिघं एकाच खोलीत उभे राहिले आणि बहुतेक गाणी एकत्रच वाजवली. रेकॉर्डिंगच्या वेळाही कार्यक्रमांच्या अगदी आगेमागे ठेवल्या, म्हणजे बोटांतली ऊब जायला नको. तुम्ही तो अल्बम ऐका. काही ठिकाणी आवाज खरखरीत आहे, पण ती तीन माणसं एकमेकांकडे बघत वाजवताहेत, हे कानांना कळतं.

[दृश्य : बेलफास्ट. अल्स्टर हॉलचा दर्शनी भाग.]

सत्तरच्या दशकात उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टमध्ये कॅथलिक-प्रोटेस्टंट संघर्षात बॉम्ब फुटत होते आणि अनेक नावाजलेले बँड तिकडे फिरकेनासे झाले होते. रॉरी मात्र येत राहिला. अल्स्टर हॉलमध्ये कॅथलिक आणि प्रोटेस्टंट पोरं खांद्याला खांदा लावून त्याला ऐकायची. १९७४च्या जानेवारीत बेलफास्ट, डब्लिन आणि कॉर्कमध्ये तो वाजवत असताना टोनी पामर यांनी त्याच्यावर माहितीपट केला. रंग उडून आतलं लाकूड दिसणारी ती गिटार त्यात डोळे भरून पाहता येते. 'टेस्ट'च्या दिवसांत ती डब्लिनमध्ये चोरीला गेली होती आणि काही दिवसांनी पावसात भिजलेली, एका चरात पडलेली सापडली. नंतरच्या वर्षांत त्याच्या घामाने उरलासुरला रंगही उतरवला.

१९७५च्या सुरुवातीला 'रोलिंग स्टोन्स' या इंग्लिश रॉक बँडला नवा गिटारवादक हवा होता. त्यांनी रॉरीला रॉटरडॅमला बोलावलं. तो गेला, त्यांच्याबरोबर वाजवलं आणि ठरल्याप्रमाणे जपानच्या दौऱ्यावर निघून गेला.

आता १९७७. रेकॉर्ड कंपनीला अमेरिकेत त्याचा जम बसवायचा होता. आदल्या वर्षीच्या अल्बमला 'डीप पर्पल' या रॉक बँडच्या रॉजर ग्लोव्हरची साथ होती. या वेळी सॅन फ्रान्सिस्कोला प्रोड्यूसर एलियट मेझर यांच्याबरोबर काम सुरू झालं. गायक नील यंगच्या 'हार्व्हेस्ट' अल्बममागचा हा माणूस, अनुभवी, नेटका. रेकॉर्डिंग लांबत गेलं, मिक्सिंग, म्हणजे वेगवेगळे आवाज जुळवण्याचं काम, त्याहून लांबलं. प्रत्येक गाणं घासूनपुसून चकचकीत होत होतं, आणि रॉरीचा जीव आणखी आणखी अस्वस्थ होत होता.

[दृश्य : विंटरलँड सभागृहाचं जुनं छायाचित्र.]

१४ जानेवारी १९७८. त्याच शहरात, विंटरलँडमध्ये, 'सेक्स पिस्टल्स' या ब्रिटिश पंक बँडचा कार्यक्रम होता, त्यांचा त्या काळातला शेवटचा. रॉरी पाहायला गेला. आडदांड, बेसूर, पण जिवंत असं काहीतरी त्याने तिथे पाहिलं. त्यानंतर त्याने अल्बम रद्द केला. तयार झालेली रेकॉर्ड त्याने कचऱ्याच्या डब्यात टाकली, तीही भाऊ आणि मॅनेजर असलेल्या डोनलच्या डोळ्यांदेखत. महिन्यांची मेहनत आणि कंपनीचा पैसा, दोन्ही गेलं. त्यात भर म्हणून टॅक्सीच्या दारात सापडून त्याचा अंगठा मोडला.

मला इथे रॉरीचीच बाजू घ्यावीशी वाटते. प्रोड्यूसरचं काम केवळ चांगलं रेकॉर्डिंग करणं नव्हे. आपलं नाव कशावर लागेल आणि कशावर लागणार नाही, हे ठरवणं हेही त्याचंच काम. मात्र या निर्णयाची झळ त्याच्याबरोबर पाच वर्षं वाजवणाऱ्यांना बसली, हेही सांगायला हवं. कीबोर्डवरचा लू मार्टिन आणि ड्रमवरचा रॉड डि'अॅथ बँडबाहेर गेले. बेलफास्टचा जेरी मॅकअॅव्हॉय बासवर राहिला, ड्रमवर टेड मकेना आला, आणि पुन्हा तिघंच उरले. जर्मनीत, कोलोनजवळच्या एका स्टुडिओत टाकून दिलेल्यांपैकी काही गाणी नव्याने वाजवून त्यांनी त्याच वर्षी 'फोटो-फिनिश' काढला.

विमानप्रवासाची भीती, त्यावरची औषधं आणि दारू यांनी पुढे त्याचं यकृत निकामी केलं. प्रत्यारोपणानंतर जंतुसंसर्ग होऊन १४ जून १९९५ रोजी लंडनमध्ये तो गेला. वय ४७.

[दृश्य : टेपची जुनी रिळं.]

रेकॉर्ड डब्यात गेली, पण मूळ टेप शाबूत होत्या. रॉरीचा पुतण्या डॅनियल याने त्या नव्याने मिक्स केल्या आणि २०११ मध्ये तो अल्बम लोकांपुढे आला. 'ओव्हरनाइट बॅग' हे गाणं आता दोन्ही रूपांत उपलब्ध आहे. आधी सॅन फ्रान्सिस्कोचं ऐकूया, कीबोर्डसह. मग कोलोनचं.

[पडदा काळा. फक्त आवाज.]