तळाशी नांदणारे मासे

नमस्कार, श्रोतेहो.

फिश टँकच्या दुकानात एक वाक्य हमखास ऐकू येतं. "हा कॅटफिश न्या, तळाची घाण खातो, टँक साफ राहील." कॅटफिश म्हणजे तोंडाला मिशा असलेला मासा. या वाक्यापायी कितीतरी कॅटफिश उपाशी मरतात. कॅटफिश माशांची विष्ठा खात नाही. त्याला स्वतःचं खाणं लागतं आणि त्याची स्वतःची घाणही पाण्यात पडते. तो सफाई कामगार नाही, घरातला पूर्ण वाट्याचा माणूस आहे. दोन-तीन जातींचे कॅटफिश एका टँकमध्ये नांदवायचे असतील तर हे आधी मनावर घ्यावं लागतं.

टँक किती लिटरचा, हे सगळे विचारतात. कॅटफिशसाठी आधी तळ मोजा, कारण भांडण होतं ते तळाच्या जागेवरून. उंच आणि अरुंद टँक दिसायला छान असतो, पण या माशांच्या कामाचा नाही. ३६ इंच लांब, १५ इंच रुंद आणि १८ इंच उंच टँक घेतला, तर वाळू आणि वरची मोकळी जागा सोडून त्यात सुमारे १३० लिटर पाणी बसतं. एवढ्या तळावर तीन जाती सुखानं राहतात, मात्र तिघींची जागा आणि वेळ वेगळी हवी.

वाळूवर दिवसा फिरायला ब्रॉन्झ कोरीडोरास घ्या. हा कळपात राहणारा मासा आहे, म्हणून सहापेक्षा कमी नकोत. दोनच आणले तर कोपऱ्यात दबून बसतात. काच आणि लाकडावरचं शेवाळ खरवडायला एक ब्रिसलनोज. तो पाच-सहा इंचांवर थांबतो. नराच्या नाकाडावर फांद्यांसारखे मऊ काटे येतात, त्यावरून तो ओळखू येतो. दोन नर ठेवले तर बिळावरून एकमेकांना फाडतात. तिसरा उलटा पोहणारा सिनोडोंटिस, मूळचा आफ्रिकेतल्या काँगो नदीच्या खोऱ्यातला. तो पोट वर करून पोहतो, म्हणून त्याचं पोट पाठीपेक्षा गडद असतं. तीन-चार असले की रमतात. दिवसभर आडोशाला लटकतात आणि अंधार पडला की बाहेर निघतात. आडोशाला महागडी शोभेची गुहा लागत नाही. कवेलूचा तुकडा किंवा दार कापलेली नारळाची करवंटी पुरते. बिळं माशांपेक्षा एक-दोन जास्तच ठेवा.

आता काय आणू नये ते सांगतो. दुकानात दोन इंचाचा सकर मासा स्वस्तात मिळतो. तोच पुढे फूटभराहून मोठा होतो आणि रात्री इतर माशांच्या अंगावरचा चिकट थर चोखू लागतो. 'शार्क' म्हणून विकलं जाणारं चंदेरी पिल्लू शार्क नसतं. मासळी बाजारात पंगस म्हणून मिळतो तोच तो मासा, आणि तो मीटरभर वाढतो. रेडटेल कॅटफिशचंही तसंच. नदीतून धरून आणलेला शिंगाळाही या टँकमध्ये नको. कॅटफिशच्या बाबतीत स्वभाव नंतर बघा, आधी तोंडाची रुंदी बघा. तोंडात मावेल तो मासा रात्रीतून गायब होतो. कोरीडोरास गिळला गेला तर तो घशात काटे ताठ करतो, ते काटे सांध्यात अडकून बसतात, आणि गिळणारा व गिळलेला असे दोघंही मरतात. मोठा झालेला मासा नको झाला म्हणून विहिरीत, तळ्यात किंवा गोदावरीत सोडू नका. उजनीच्या जलाशयात सकर मासा पसरला आहे, आणि तिथल्या मच्छीमारांची जाळी त्याच्या काट्यांनी फाटतात.

तळाला टोकदार खडी नको, बारीक वाळू हवी. कोरीडोरास तोंड वाळूत खुपसतो, वाळू तोंडात घेतो आणि कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. बसून पाहिलं तर कल्ल्यामागून वाळूची बारीक धार सुटताना दिसते. खडीत हे जमत नाही. खडीच्या फटीत खाणं कुजतं आणि मग मिशा झिजून खुंट उरतात. नदीची वाळू आधी चाळून घ्या, धुतलेलं पाणी नितळ येईपर्यंत धुवा, आणि मूठभर वाळूवर व्हिनेगर टाकून पाहा. बुडबुडे फसफसले तर त्यात चुनखडी आहे. आपल्याकडच्या वाळूत ती पुष्कळदा असते, आणि ती पाणी आणखी जड करते. ती वाळू बांधकामाला द्या. थर एक-दीड इंचापुरताच ठेवा.

पाण्याची बाब मराठवाड्यात सगळ्यांत नाजूक. बोअरचं पाणी जड. बादलीवर पांढरा थर धरतो ते आपण रोज बघतो. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर स्वस्तात मिळतो, तो घ्या. पाणी ९०० दाखवत असेल आणि आरओचं ५०, तर अर्धं-अर्धं मिसळून साधारण ४७५ होतं. ब्रॉन्झ कोरीडोरास आणि ब्रिसलनोज त्यात टिकतात. नुसतं आरओचं पाणी वापरू नका, त्यात क्षार इतके कमी असतात की पीएच अचानक कोसळतो, म्हणजे पाणी आम्ल होतं. आरओच्या टाकाऊ नळीचं पाणी तर अजिबात नको, त्यात क्षार दाटलेले असतात. टँकरच्या किंवा नळाच्या पाण्यात टीसीएल, म्हणजे जंतू मारायची क्लोरीनची पावडर असते. ते पाणी पसरट टबात एअर पंप लावून २४ तास ठेवा. दर आठवड्याला टँकचं चौथाई पाणी बदला. नवा टँक आज भरला आणि उद्या मासे सोडले, असं करू नका. फिल्टरमध्ये माशांच्या घाणीतला विषारी अमोनिया पचवणारे जिवाणू बसायला चार ते सहा आठवडे लागतात. ते बसले नसतील तर अमोनिया साचतो, आणि आपलं पाणी अल्कधर्मी व उन्हाळ्यात गरम असल्यानं तोच अमोनिया इथं जास्त मारक ठरतो.

मग येतो एप्रिल-मे. परभणी, नांदेडला पारा ४२-४३ला गेला की टँकचं पाणी ३२च्या वर चढतं. पाणी जितकं गरम तितका त्यात प्राणवायू कमी. २० अंशांना लिटरमध्ये सुमारे ९ मिलिग्रॅम मावतो, ३० अंशांना साडेसात. झाकण काढून वर जाळी ठेवा आणि पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका वारा लागेल असा छोटा पंखा लावा. आपला कूलर ज्या तत्त्वावर चालतो त्याच तत्त्वावर पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं. कोरड्या उन्हाळ्यात हा उपाय उत्तम, पण पाऊस पडून दमट झालं की त्याचा जोर कमी होतो. पंख्यानं पाणी उडतं, क्षार मात्र मागे राहतात. म्हणून ही रोजची घट आरओच्या पाण्यानं भरा, बोअरच्या नाही.

लाईट गेली तर? एअर पंप पाच वॉटच्या आसपास खातो, तो इन्व्हर्टरच्या बोर्डावर घ्या आणि स्पंज फिल्टर त्यावरच चालवा. पंप टँकच्या खाली ठेवला असेल तर नळीत उलटं पाणी अडवणारा वॉल्व्ह लावाच. नाहीतर लाईट गेल्यावर नळीतून पाणी उलटं येतं, पंप भिजतो आणि फरशीवर तळं होतं.

खाणं रात्री द्या. दिवा मालवल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी बुडणाऱ्या गोळ्या टाका, दोन-तीन ठिकाणी पसरून, म्हणजे एकच दांडगा सगळं गिळणार नाही. ब्रिसलनोजला आठवड्यातून दोनदा उकळत्या पाण्यातून काढलेली दोडक्याची किंवा काकडीची चकती द्या. उरलेली सकाळी काढा.

नवा मासा दोन आठवडे वेगळ्या टबात ठेवा. औषध द्यावं लागलं तर पुडीवरच्या मात्रेच्या निम्म्यानं सुरुवात करा. कॅटफिशच्या अंगावर इतर माशांसारखे खवले नसतात, औषध त्यांना लवकर बाधतं. मासा जाळीनं धरू नका, काटे जाळीत गुंततात. प्लॅस्टिकचा पारदर्शक डबा पुढे धरा आणि हळू मागून हाका.

आणि कोरीडोरास अधूनमधून सुसाट वर येऊन हवा गिळतो, तेव्हा घाबरू नका. तो आतड्यानंही श्वास घेतो, दिवसातून काही वेळा हे चालायचंच. पण सगळे मिनिटामिनिटाला वर धावू लागले आणि कल्ले भराभर उडत असले, तर हातातलं काम टाका. एअर पंप पूर्ण जोरात चालवा, साठवलेल्या पाण्यातून चौथाई पाणी लगेच बदला, आणि कवेलूखाली एखादा मासा मरून पडला आहे का, ते हात घालून बघा.