किल्ली कुणाकडे?

(दादरच्या एका व्याख्यानमालेतील भाषणाचे संपादित रूप)

अध्यक्ष महाराज, आणि पुढच्या दोन रांगा रिकाम्या ठेवून मागे पंख्याखाली दाटीवाटीने बसलेल्या मंडळींनो! मी भूलतज्ज्ञ. माणसं झोपवणं हा माझा धंदाच. कुणाला डुलकी लागली तर मी अपमान मानणार नाही, फी मागेन.

पत्रिकेत विषय छापलाय, 'गुंतागुंतीच्या आरोग्यव्यवस्थेत बदलाचं नेतृत्व'. हे बारसं संयोजकांनी केलं. मला विचारलं असतं तर 'कपाटाची किल्ली' एवढंच छापा म्हटलं असतं. डॉक्टरांना हात धुवायला सांगितलं म्हणून हेटाळणी वाट्याला आलेल्या, एकोणिसाव्या शतकातल्या डॉ. सेमेलवाइसचे काय हाल झाले ते तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून ती गोष्ट सोडते.

एका मोठ्या इस्पितळातली गोष्ट. नाव विचारू नका, तिसऱ्या रांगेतले दोघे आत्ताच गालात हसतायत. आयसीयूमध्ये सेंट्रल लाइन टाकायची, म्हणजे मानेतल्या शिरेतून थेट हृदयाजवळ नळी. टाकणाऱ्याने हात धुवायचे, टोपी, मास्क, गाऊन, ग्लव्हज घालायचे आणि पेशंटला डोक्यापासून पायापर्यंत निर्जंतुक चादरीने झाकायचं. पहिल्या वर्षाच्या पोरालाही हे पाठ असतं. मोठी चादर होती का? होती. कपाटात. कपाटाला कुलूप, किल्ली इन्चार्ज सिस्टरकडे, आणि सिस्टर चारला घरी. त्यांचा तरी काय दोष? मोजदादीत एक चादर कमी भरली तर जबाब त्यांनाच द्यायचा. रात्री दोनला पेशंटचं बीपी कोसळलं की रेसिडेंट, म्हणजे शिकाऊ डॉक्टर, हाताला लागेल तो छोटा टॉवेल घेऊन नळी टाकणार. चार दिवसांनी नळीतून जंतू रक्तात जाऊन पेशंटला थंडी वाजून ताप. राउंडला बोलणी रेसिडेंटला. मग सर्क्युलर : 'सर्व संबंधितांनी निर्जंतुकीकरणाचे नियम काटेकोरपणे पाळावेत.' सर्व संबंधित म्हणजे ज्यांच्याकडे किल्ली नाही ते! आणि ते लॅमिनेट करून लावलं कुठे, तर त्याच कपाटाच्या दारावर. (हशा)

मी दुसरी किल्ली मागितली. मेट्रन म्हणाल्या, स्टोअरला विचारा. स्टोअर म्हणालं, लिनन आमच्याकडे येत नाही. ऑफिस म्हणालं, थ्रू प्रॉपर चॅनल या. अखेर वॉर्डबॉय मामांनी नाक्यावरच्या किल्लीवाल्याकडून करून आणली. मुंबईत याहून स्वस्त आरोग्यसुधारणा झाली असेल असं वाटत नाही. ऑडिटमध्ये ती सापडली, आणि लेखी खुलासा मागवला तो माझ्याकडे! तो कागद अजून माझ्या फाइलीत आहे.

चिठ्ठी आली. सात मिनिटं? बरं, पळते.

बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये पीटर प्रोनोव्होस्ट म्हणून माझ्याच धंद्यातला डॉक्टर. त्याने ही नळी टाकण्यासाठी पाच कलमांची यादी केली : हात धुणं, क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाने त्वचा साफ करणं, चादर-गाऊन, जांघेतली शीर शक्यतो टाळणं, गरज संपली की नळी काढणं. ही यादी आपल्याकडे सगळ्यांनी झेरॉक्स केली. तिच्यासोबतचं मात्र तिकडेच राहिलं. त्यांनी सगळं सामान एका ढकलगाडीवर आणून ठेवलं. डॉक्टरने कलम गाळलं तर त्याला थांबवायचा अधिकार सिस्टरला दिला. पुढे मिशिगन राज्यात हीच यादी वापरली, तेव्हा तर इस्पितळांच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांना एकेका आयसीयूशी जोडून दिलं. तिथल्या १०३ आयसीयूंचा अहवाल २००६ साली आला. दीड वर्षात नळीतून रक्तात होणाऱ्या संसर्गाच्या प्रमाणात ६६ टक्क्यांपर्यंत घट झाली. आपल्याकडे सिस्टरने प्रोफेसरला 'सर, थांबा' म्हटलं तर दुसऱ्या दिवशी तिची बदली कुठे होईल, हे ज्याचं त्याने ओळखावं.

आता चळवळ. डिसेंबर २००४ मध्ये डॉ. डोनाल्ड बर्विक यांच्या, आरोग्यसेवा सुधारण्यासाठी झटणाऱ्या संस्थेने अमेरिकेत ठरवलं, दीड वर्षात एक लाख जीव वाचवायचे. सहा उपाय, ठरलेली तारीख, सक्ती नाही. तीन हजारांवर इस्पितळं आपणहून आली. १,२२,३०० जीव वाचले असं त्यांनी जाहीर केलं. त्या हिशेबावर वाद झाला, मलाही तो जरा सढळ वाटतो. पण त्यात इस्पितळंच एकमेकांना शिकवत होती, आणि शेजारच्या गावचं इस्पितळ शिकवतंय म्हटल्यावर माणसं ऐकतात. वरून आलेलं सर्क्युलर सही करून फाइलला लावतात.

याद्यांनी फरक पडतो याचा पुरावा? जागतिक आरोग्य संघटनेची शस्त्रक्रियेची १९ कलमी यादी आठ शहरांत वापरून पाहिली, त्यात नवी दिल्लीही होती. मृत्यूंचं प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ वर आलं, हे २००९ साली छापून आलं. मग कॅनडातल्या ऑन्टारियो सरकारने यादी किती वापरली ते जाहीर करणं इस्पितळांना बंधनकारक केलं. कागदावर जवळपास शंभर टक्के टिकमार्क. २०१४ मध्ये १०१ इस्पितळांचा अभ्यास आला, तर मृत्यूंत म्हणण्यासारखा फरक नाही! अभ्यासाचा काळ थोडा होता, असं म्हणणारेही आहेत. मला विचाराल तर यादी पोचली, किल्ली पोचली नाही.

किल्ली पोचल्याचं उदाहरण आपल्याकडेही आहे. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली मातृदुग्धपेढी, म्हणजे आईच्या दुधाची बँक, सुरू केली, महापालिकेच्याच चौकटीत राहून. त्यावर खरं तर अर्धा तास हवा होता. पैशाची बाजूही राहिली. हो, हो, पाहिली दुसरी चिठ्ठी! पुढच्या वर्षी बोलवा, टॅक्सीभाडं माझं मी देईन.